गच्ची कुणाची, सबसिडी कुणाला?

महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्यांना छतावर सोलर बसवायला सरकार जादा पैसे देतंय. वसई-विरारमध्ये असे लोक काही कमी नाहीत. कमी आहेत ती हक्काची छतं!

विरार फास्टमध्ये नीट उभं राहायला मिळावं असं वाटत असेल, तर आंघोळ उजाडायच्या आत आवरलेली हवी. आणि त्याच्याही आधी कुणीतरी डोळे चोळत उठून गीझरचं बटण दाबलेलं हवं. चौघांचं घर असेल तर चार बादल्या. मग डबा, मग रिक्षा, मग प्लॅटफॉर्म. महिनाअखेरीस बिल आलं की घरात चर्चा होते ती एसीची. गीझरवर कुणी संशयसुद्धा घेत नाही. पण तो साहेब भिंतीवर गपचूप लटकून आपलं काम करत असतो.

जरा हिशोब करू या. फार कठीण नाही, दहावीतलं फिजिक्स आहे. अठरा लिटरची एक बादली पाणी २६ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं, तर साधारण ०.३ युनिट वीज लागते. चार बादल्यांचे झाले सव्वा युनिट. महिन्याला ३५ ते ४०. गीझर चालू ठेवून मोबाइल बघत बसलात तर वेगळे! आता वीजबिलातल्या घरगुती स्लॅबची रांग आठवा : शंभरपर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्याच्या वर. शंभराचा उंबरा ओलांडला की पुढच्या युनिटचा दर एकदम उडी मारतो. म्हणजे तुमच्या-आमच्या घरात हे चाळीस युनिट आपण महागडय़ा दरानेच विकत घेत असतो.

वसईच्या वाडय़ांमध्ये आजही काही घरांच्या मागीलदारी बंब दिसतो. झावळ्या, करवंटय़ा, वाळकी लाकडं, जे हाताशी असेल ते आत सारायचं आणि घरभर कढत पाणी. खर्च जवळपास शून्य, धूर मात्र फुल्ल. फ्लॅटमध्ये बंब कुठे ठेवणार? म्हणून गीझर आला, आणि त्याच्याबरोबर बिलही आलं.

यावरचा लेटेस्ट फंडा म्हणजे हीट पंप. नाव ऐकून घाबरू नका. उलटा लावलेला एसी समजा. एसी घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. गीझर वीज जाळून उष्णता तयार करतो. हीट पंप ती तयार करत नाही, नुसती हलवतो, म्हणून एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटची उष्णता पाण्यात जाते. चाळीसचे तेरा-चौदा युनिट होतात. आणि आपली हवा तर काय, बाराही महिने उबदार आणि घामट. या यंत्राला अगदी मानवणारी. अडचण किमतीची. साध्या गीझरच्या कितीतरी पट पैसे एकदम मोजायचे, आणि ती टाकी ठेवायची कुठे हा प्रश्न. वन बीएचकेच्या बाथरूममध्ये आधीच वॉशिंग मशीन घुसवलेलं असतं!

गोऱ्यांच्या देशात रंगीत कार्डं

तिकडे थंडीच्या देशांत हा हीट पंप अख्खं घर गरम करतो, आणि तो बसवायला सरकार पैसे देतं. इंटरेस्टिंग गोष्ट ही की ते सगळ्यांना सारखे देत नाही. तुमची कमाई किती, त्यावर मदत किती ते ठरतं. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यात असं होतं की ज्या कुटुंबाचं उत्पन्न त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून कमी, त्याला आठ हजार डॉलरच्या मर्यादेत पूर्ण खर्च परत. ८० ते १५० टक्क्यांच्या मध्ये असाल तर निम्मा. त्याच्या वर असाल तर या खात्यातून काहीच नाही. श्रीमंतांसह सगळ्यांना मिळणारी दोन हजार डॉलरपर्यंतची करसवलत वेगळी होती, ती २०२५ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. जर्मनीने २०२४ मध्ये ठरवलं की घरमालकाला खर्चाच्या ३० टक्के मूळ मदत, आणि घरात राहणाऱ्या मालकाचं करपात्र कौटुंबिक उत्पन्न चाळीस हजार युरोपर्यंत असेल तर आणखी ३० टक्के. सगळं धरून कमाल ७० टक्के.

फ्रान्सचं मात्र वाचून हसूच येतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या योजनेत उत्पन्नाप्रमाणे घरांना रंग दिले : निळा, पिवळा, जांभळा, गुलाबी. निळा म्हणजे सगळ्यात कमी कमाई, सगळ्यात जास्त मदत. गुलाबी म्हणजे खाऊनपिऊन सुखी.

हसू का? कारण रंगांचा हा खेळ आपण १९९९ पासून खेळतोय! पिवळं रेशनकार्ड, केशरी रेशनकार्ड, पांढरं रेशनकार्ड. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत कमाई असेल तर पिवळं, त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी, त्याच्याही वर पांढरं. पंधरा हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये, बॉस. एका वीकेंडला आपण मॉलमध्ये उडवतो त्याहून कमी. आणि ज्यांना वाटतं की हे उत्पन्नाचे निकष आपल्याला कधी लागलेच नाहीत, त्यांनी २०१६ आठवावं. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून नवरा किंवा बायकोचं करपात्र उत्पन्न दहा लाखांच्या वर असेल, तर गॅस सिलिंडरची सबसिडी बंद झाली होती.

सूर्याच्या घरी सगळे सारखे

घरातली वीज स्वस्त करण्यासाठी आपल्याकडे सरकारी पैशांचा मोठा ओघ छतावरच्या सोलरकडे वळलाय. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. ७५ हजार २१ कोटींची तरतूद, एक कोटी घरांचं टार्गेट, मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. त्याच्या वर कितीही पॅनल लावा, सबसिडी ७८ हजारांवर थांबते.

यात उत्पन्नाची अट नाही. तुम्ही आयटी कंपनीत व्हीपी असा किंवा भाजीचा गाळा चालवत असा, ३० हजार ते ३० हजारच. वरवर बघता एकदम फेअर. पण मेख अशी की एक किलोवॉटला ढोबळमानाने पन्नास हजार खर्च धरला, तर वरचे वीस हजार आपल्या खिशातून जातात. शिवाय केंद्राचे पैसे काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर खात्यात येतात. आधी सगळी व्यवस्था आपणच करायची. तुम्हा-आम्हाला बँक त्यासाठी कमी व्याजाचं, काही तारण न मागणारं कर्ज देते, तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांच्या आत. पगाराच्या स्लिपा काढल्या की झालं. ज्याच्याकडे स्लिपच नाही त्याने काय करायचं?

हा प्रश्न राज्य सरकारलाही पडला असावा. २०२५ मध्ये महाराष्ट्राने केंद्राच्या पैशांवर आपले पैसे घालायचं ठरवलं. योजनेचं नाव ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’, शॉर्टमध्ये ‘स्मार्ट’. ६५५ कोटी रुपये, पाच लाख घरं. आणि इथे मात्र सगळे सारखे नाहीत.

दारिद्रय़रेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॉटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे साडेसतरा हजार. पन्नास हजारांतून साडेसत्तेचाळीस गेले, घरच्यांनी भरायचे फक्त अडीच हजार! शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला राज्याचे १५ हजार, म्हणजे त्याचे स्वतःचे पाच हजार. तेवढाच वापर असलेल्या खुल्या गटातल्या ग्राहकाला राज्याचे १० हजार, स्वतःचेही १० हजार. पाच लाखांपैकी दीड लाखाच्या वर घरं दारिद्रय़रेषेखालची, उरलेली साडेतीन लाखांच्या आतबाहेर शंभर युनिटवाली. प्रथम येईल त्याला प्राधान्य. हे आकडे पन्नास हजारांचा खर्च धरून आहेत. छोटय़ा कामाचं कोटेशन त्याच्या वर जाऊ शकतं, तेव्हा आधी लिहून घ्या आणि मगच हो म्हणा.

एक किलोवॉट म्हणजे किती? दोन मोठी पॅनल्स, साधारण शंभर चौरस फूट जागा. पावसाळा-उन्हाळा सगळं धरून दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला एकशेवीसच्या आसपास. ज्याचा वापरच शंभरच्या आत, त्याचे वापराचे युनिट जवळपास पुसले जातात. स्थिर आकार वगैरे भरावा लागतोच, बिल अगदी कोरं येईल अशा भ्रमात राहू नका. पण तरी सॉलिड फरक आहे. आणि ही पॅनल्स वीस-पंचवीस वर्षं चालतात.

मीटर बघून माणूस ओळखा

आता जरा थांबून या शंभर युनिटच्या आकडय़ाकडे बघू. मला तरी या योजनेतला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो, आणि सगळ्यात लंगडाही हाच.

उत्पन्नाचा दाखला हा आपल्याकडे काय प्रकार आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तहसील कार्यालय, तलाठी, रांग, ‘उद्या या’. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरीही बुडाली. त्यामानाने विजेचं मीटर बोलत नाही, खोटं सांगत नाही, आणि त्याचं रेकॉर्ड महावितरणच्या कॉम्प्युटरमध्ये आयतंच आहे. म्हणून वर्षभराचा वापर बघायचा, ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५, आणि त्यात कुठल्याही महिन्यात शंभरच्या वर गेलेला नसेल तर ग्राहक पात्र. दाखला नको, शिक्का नको.

पण मीटर माणसं मोजत नाही, युनिट मोजतं. तुमच्या ऑफिसातला एखादा बॅचलर डोळ्यासमोर आणा. विरार वेस्टला स्वतःचा फ्लॅट, पगार लाखाच्या घरात. सकाळी सहाला बाहेर, रात्री दहाला घरात. दिवसभर गारवा ऑफिसच्या एसीचा, जेवण बाहेर, कपडे लाँड्रीत. त्याचं मीटर महिन्याला साठ-सत्तर युनिट दाखवेल. कागदावर बिचारा दुर्बल घटक!

आणि आता नालासोपारा पूर्वेतली बैठी चाळ आणा. दहा बाय बाराची खोली, सात माणसं. म्हातारी आई दिवसभर घरात, म्हणून पंखा दिवसभर चालू. वर पत्रे, त्यामुळे मे महिन्यात दुसरा पंखाही लागतो. फ्रिज आहे, टीव्ही आहे, घरात शिलाई मशीनवर पीसवर्क चालतं. पंचाहत्तर वॉटचे दोन पंखे वीस-वीस तास चालले की रोजचे तीन युनिट तिथेच गेले. फ्रिजचा एक. महिन्याचे एकशेवीस झाले, अजून दिवा लावलेला नाही. पिवळं कार्ड नसेल तर मे महिन्याच्या एका बिलाने हे घर योजनेबाहेर. सात जणांची गरिबी एका जणाच्या सुबत्तेपेक्षा जास्त युनिट खाते, हे मीटरला कसं कळणार?

शिवाय मीटर स्वतःच्या नावावर तर हवं! चाळीत अनेकदा एकच मीटर असतं, मालक त्यावर सबमीटर टाकून देतो आणि स्वतःच्या मनाने युनिटचा दर लावतो. त्या भाडेकरूचा वापर महिन्याला चाळीस युनिट का असेना, महावितरणच्या लेखी तो माणूस अस्तित्वातच नाही.

मग लंगडी योजना नकोच का? तसंही नाही. दाखल्यांच्या फाइलीत गाडून टाकण्यापेक्षा मीटर कधीही बरं. पण पाचांपैकी चार माणसं बरोबर निवडणारी चाळणी असली, तरी पाचव्याचं दार बंद होऊ नये म्हणून कुणीतरी तिथे माणूस बसवायला हवा.

लाख मोलाचा प्रश्न : वर काय आहे?

वसई-विरार हे गाव एक नाही, निदान तीन आहेत. पश्चिमेला निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, अर्नाळा या पट्टय़ातल्या वाडय़ा आणि बंगले. स्वतःची जमीन, स्वतःचं छत, दिवसभर ऊन. सूर्यघर योजना जणू यांना समोर ठेवूनच लिहिलीय! काळजी एवढीच की समुद्र जवळ आहे, खारी हवा लोखंड खाते. तेव्हा स्ट्रक्चर चांगल्या गॅल्व्हनाइझिंगचं घ्या, आणि २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाचा वारा आठवून नट-बोल्टांचा आणि पायाच्या ब्लॉकचा हिशोब मागा. झाडांची सावली पॅनलवर पडत असेल तर उत्पादन घसरतं, माडाला हे समजावता येत नाही.

हायवेच्या पलीकडे, पूर्वेला पारोळ, भाताणे, मांडवी या बाजूला आदिवासी पाडे आहेत. इथलं घर म्हणजे बहुतेकदा चार दिवे, एखाद-दोन पंखे आणि एक टीव्ही. वापर शंभरच्या कितीतरी खाली, पिवळं कार्डही हाताशी. पैशांच्या हिशोबात यांना सर्वात जास्त मदत, स्वतःचे फक्त अडीच हजार. पण छत कौलांचं किंवा पत्र्याचं. पॅनल एकेकटं पंचवीस-तीस किलोचं, कुडाच्या भिंतींवर ते टाकून चालणार नाही, शेजारी जमिनीवर लोखंडी मांडव उभारावा लागेल. त्याचा खर्च वेगळा. घरकुल मिळालेल्यांचा स्लॅब असेल तर मात्र काम सोपं.

आणि तिसरं गाव आपलं. इमारतींचं. २००९ मध्ये महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली, त्यानंतर किती वाढली ते रोज सकाळी नालासोपाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर मोजावं! इथे प्रत्येकाकडे मीटर आहे, बिल आहे, डोक्यावर स्लॅबही आहे. पण तो स्लॅब वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची फरशी आहे. गच्ची एकच, वाटेकरी चाळीस. आणि त्या गच्चीवर टाक्या आहेत, डिश अँटेना आहेत, गळती थांबवायला घातलेली पत्र्याची शेड आहे, कुणाच्या तरी पापडांचं वाळवण आहे.

त्यातही सोसायटी नोंदलेली असेल, कन्व्हेयन्स झालेलं असेल तर बोलणी तरी होतात. कन्व्हेयन्स नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरचीच असते, आणि गच्चीवर काही करायचं म्हटलं की तो प्रश्न निघतोच. बरेच ठिकाणी वीजबिलही अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर आहे. इतकी वर्षं बिल भरलं, नाव कशाला बदलायचं? सबसिडीच्या वेळी हेच नाव आडवं येतं.

आणि इमारतच अनधिकृत असेल तर? हा आपल्या शहरातला सगळ्यात दुखरा कोपरा. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती हायकोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांनी फ्लॅट विकत घेतले होते, बिलं भरली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली. सतरा माणसं गेली. तीही अनधिकृतच होती.

अशा इमारतीत राहणारं कुटुंब पंचवीस वर्षं टिकणारं पॅनल कशावर बसवणार? ज्यांचा वापर शंभरच्या आत आहे, ज्यांच्यासाठी हे साडेसतरा आणि पंधरा हजार बाजूला काढलेत, त्यांच्यातले कितीतरी जण नेमक्या याच इमारतींत आणि चाळींत राहतात. उत्पन्न बघून पैसे देणारी योजना शेवटी छताचा हक्क बघूनच पैसे देते, हे गणित मुंबईच्या कडेला राहणाऱ्यांना फार जड जातं. जर्मनीतही वाढीव मदत स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकालाच होती, भाडेकरूला नाही. म्हणजे घोडं सगळीकडे एकाच ठिकाणी अडतंय.

केंद्राच्या नियमांत यावर एक वाट आहे, व्हर्च्युअल नेट मीटरिंग. म्हणजे पॅनल एका ठिकाणी, त्याचे युनिट वाटून अनेकांच्या बिलात वळते. आपल्या छताऐवजी शाळेचं, मंडईचं किंवा मोकळ्या जागेतलं मोठं छत वापरून चाळीतल्या शंभर घरांचं बिल कमी करता येईल. कल्पना झकास आहे. पण ती एकेकटय़ा ग्राहकाच्या हातातली नाही, महापालिका आणि महावितरणने मिळून उचलायची आहे. आपल्या नगरसेवकाला पुढच्या वेळी गटाराऐवजी हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल!

तुमचं काय?

हा अंक हातात असलेल्या बहुतेकांचं बिल शंभरच्या वर आहे. स्मार्ट योजनेतलं राज्याचं जादा अनुदान आपल्यासाठी नाही, आणि नसावंच. पण केंद्राचे पैसे आहेत, आणि फ्लॅटवाल्यांनी आपल्या वैयक्तिक बिलाआधी सोसायटीच्या बिलाकडे बघावं.

लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गेटवरचे फोकस. हे सगळं कॉमन मीटरवर चालतं आणि मेंटेनन्समधून आपल्याच खिशातून जातं. सोसायटीच्या या सामायिक वापरासाठी केंद्र किलोवॉटला १८ हजार देतं, घरटी तीन किलोवॉट धरून कमाल ५०० किलोवॉटपर्यंत. समजा चाळीस फ्लॅटची इमारत आहे आणि पंधरा किलोवॉट बसवायचेत. जागा दीड हजार चौरस फूट. खर्च पन्नास हजारांच्या हिशोबाने साडेसात लाख, सबसिडी दोन लाख सत्तर हजार. उरले चार लाख ऐंशी हजार, म्हणजे फ्लॅटमागे बारा हजार, एकदाच. बदल्यात महिन्याला अठराशे युनिटच्या आसपास. सोसायटीच्या बिलावरचा युनिटचा दर घ्या आणि गुणाकार स्वतः करा, मीटिंगमध्ये उपयोगी पडेल.

मीटिंगमध्ये हमखास येणाऱ्या शंका आत्ताच सांगतो. एक काका म्हणतील, स्लॅब गळेल. बरोबर आहे त्यांचं. आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनल. उलटय़ा क्रमाने केलंत तर गळती सापडायलाही पॅनल उचलावी लागतील. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटही आधीच करून घ्या. दुसरे म्हणतील, लाइट गेले की सोलरवर लिफ्ट चालेल ना? नाही चालणार. ग्रिडला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या पॅनलची वीज लागू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. २०१८ च्या जुलैतल्या पुरात वसईत वीज गेली आणि लोक अंधारात बसले, तशी वेळ आली तर बॅटरीशिवायचं सोलर कामाला येणार नाही. बॅटरी हवी तर तिचे पैसे वेगळे.

तिसरा कुणीतरी हुशार म्हणेल, माझा एक ओळखीचा आहे, स्वस्तात चायनीज पॅनल लावून देतो. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. सबसिडी हवी तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचंच लागतं, आणि काम यादीवरच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावं लागतं. अर्ज सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर होतो, सबसिडी थेट बँक खात्यात येते. ‘तुमची सबसिडी मंजूर झाली, प्रोसेसिंग फी पाठवा’ असा फोन आला तर कट करा.

आणि गीझरचं राहिलंच. हीट पंपाची किंमत ऐकून घाम फुटला असेल तर ट्रेनच्या वेळेआधी अर्धा तास नव्हे, दहा मिनिटं गीझर लावून बघा. थर्मोस्टॅट साठ-पासष्टवरून पन्नासवर आणा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना मात्र एवढं नक्की विचारा की त्यांच्या बिलावर महिन्याला किती युनिट येतात आणि बिल कुणाच्या नावावर आहे. शंभरच्या आत असतील, घर स्वतःचं असेल, तर मोबाइलवर त्यांचा अर्ज भरायला तुम्हाला एक रविवारची दुपार पुरेल. पाच लाखांची यादी आहे, प्रथम येईल त्याला प्राधान्य.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. ‘गच्चीवर सोलर : कोटेशन मागवणे’ हा विषय त्याआधी लेखी सेक्रेटरींच्या हातात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.